नऊ दिवसांचा चार्ज

बँकॉकला नऊ दिवस जायचं मी ठरवलं ते बँकॉक बघण्यासाठी नव्हे. खोटं कशाला बोलू? माझ्या थोरल्या जावेला नऊ दिवस सासूबाईंपाशी बसवायचं होतं, म्हणून मी बँकॉकला जाणार होते. नुसतंच कुठंतरी जायचं तर महाबळेश्वरलाही जाता आलं असतं की. पण महाबळेश्वरनं तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या नसत्या.

चार वर्षांपूर्वीचं आधी सांगते, म्हणजे माझा राग उगाच नाही हे कळेल. तेव्हा घरातल्या तीन जोड्यांनी मिळून टूरवाल्यांबरोबर बँकॉकला जायचं ठरलं होतं. थोरले भाऊजी आणि अक्का, म्हणजे ही माझी जाऊ. नणंद आणि तिचे मिस्टर. आणि आम्ही दोघं. भाऊजी पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते, त्याचा आनंद. मी सोलापुरात एका सरकारी कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर आहे, त्यामुळं फॉर्म भरणं, कागद जमवणं ही कामं घरात न विचारता माझ्याकडं येतात. सहाच्या सहा पासपोर्टांचे अर्ज मी भरले. अक्कांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारकार्डावर दुसरीच. तो घोळ निस्तरायला मी तीन वेळा अर्धी रजा टाकली. सगळं जुळून आलं, आणि जायला बारा दिवस असताना आत्या मोरीत पाय घसरून पडल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन नीट झालं. घाबरण्यासारखं काही नाही, पण दोन महिने माणूस जवळ लागेल, असं डॉक्टर सांगून गेले. दवाखान्याच्या बाकावर आम्ही सगळे बसलो होतो. तेव्हा अक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू राहा गं. तुला तशीपण रजा कुठं मिळती? आन् आत्यांना तुझ्याच हाताची सवय." इतक्या गोड बोलल्या, जणू माझा सत्कारच करतायत. मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. हे फरशीकडं बघत होते. भाऊजी म्हणाले, "घरी कुणीतरी पाहिजेच की." त्या घरात कुणीतरी म्हटलं की ती मीच असते. वीस वर्षं झाली.

आमच्या दोघांच्या जागी अक्कांची मंद्रूपची बहीण आणि तिचा नवरा गेले. त्या दोघांचे पासपोर्ट तयार होते! आमच्या हातात पासपोर्ट येऊन आठ दिवस झाले नव्हते, आणि मंद्रूपला तयार? कधी काढले, कशाला काढले, कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी आत्यांसाठी पेज करायला घरी गेले.

निघायच्या आदल्या दिवशी अक्कांच्या घराजवळच्या चौकात फ्लेक्स लागला. 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.' मधोमध भाऊजी आणि अक्का, मागं विमान, अक्कांच्या डोळ्यांवर गॉगल. खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या घराची नावं, त्यात आमचंही. मी शुभेच्छुक! माझ्या ऑफिसचा रस्ता नेमका त्या चौकातून. उन्हानं अक्कांचं तोंड पांढरं पडेपर्यंत मी तो फ्लेक्स रोज दोनदा वाचला.

परत आल्यावर सगळ्यांना काही ना काही आणलं होतं. मला हॉटेलातला साबण. कागदात गुंडाळलेला, बिस्किटाएवढा, जो तिथं खोलीत फुकट ठेवलेला असतो तो. "वास बघ तिकडचा," अक्का म्हणाल्या. मी वास घेतला आणि "छान आहे" म्हटलं. माझी जीभ का झडली नाही तेव्हा, कोण जाणे. घरी येऊन त्या साबणानं मी मोरीतली बादली घासली.

आणि तेव्हापासून सुरू झालं 'आम्ही बँकॉकला असताना'. बारशात तेच, साखरपुड्यात तेच. माझे चुलत सासरे गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळे शांत बसलेले, आणि ह्या माझ्या कानाशी, "बँकॉकला आम्ही बुद्धाची एवढी मोठी मूर्ती बघितली, विहाराच्या छताला टेकलेली." बघितली म्हणजे काय, पाच दिवसांत पट्टायासकट सगळं उरकायचं म्हणून ह्यांना सकाळी सहाला बसमध्ये कोंबत होते. नणंदेनंच मला सांगितलं, त्या मूर्तीपाशी वीस मिनिटं दिली आणि दागिन्यांच्या दुकानात अडीच तास.

आत्या मात्र त्या दिवसापासून आमच्याकडं आल्या त्या आल्याच. आधी सहा महिने थोरल्याकडं, सहा महिने आमच्याकडं असं असायचं. पण अक्कांच्या बंगल्याला पायऱ्या आहेत ना! अठ्ठावीस वर्षं दवाखान्यात आया म्हणून राबलेली बाई ही. वॉर्डातल्या परक्या माणसांच्या चादरी बदलल्या, ढुंगणं धुतली, आणि घरी येऊन दोन पोरं आणि एक पोरगी वाढवली. चौथी शिकलेल्या, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार. अंगावरची साडी पांढरी, आणि पांढरी म्हणजे पांढरीच. आमचे हे गेल्या वर्षी शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, तेव्हापासून दिवसा तेच घरी असतात. चहा देतात, गोळ्या देतात. पण अंघोळ, कपडे, अंथरूण माझ्याचकडं. पोराला त्या जवळ फिरकू देत नाहीत. "बाप्याचं काम न्हाय," म्हणतात.

भाऊजी दर रविवारी येतात. डझनभर केळी आणतात. रविवारी आत्या आठ वाजल्यापासून माझ्या मागं लागतात. वेणी घाल, पावडर दे, ती दुसरी साडी काढ, चुरगळलेली नगं. दहाला खुर्चीत ताठ बसून दाराकडं बघत राहतात. भाऊजी विचारतात, "आई, बरी हायस ना?" आत्या म्हणतात, "मला काय धाड भरलीया?" दहा मिनिटं पेपर चाळून भाऊजी जातात, आणि त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली की आत्या मला हाक मारतात, "धर गं, पडते मी आता." चार वर्षं भाऊजींनी खुर्चीतलीच आई बघितली आहे.

तर यंदा मी ठरवलं. रजा साठलेल्या होत्या, पुण्याहून थेट विमान होतं, आणि आमचे हे कशालाही हो म्हणायच्या मनःस्थितीत होते, कारण दवाखान्यातली ती फरशी अजून त्यांच्या डोळ्यांसमोर असावी. असायलाच पाहिजे.

मी एक दोनशे पानी वही घेतली. अक्कांचे पाच दिवस झाले होते, म्हणून पहिल्यांदा मी सहा धरले. मग साबण आठवला. सात केले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना चौकात त्याच जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला, आणि माझं डोकं असं फिरलं की टेबलावर बसल्या बसल्या आठवा दिवस वाढवला. मंद्रूपच्या पासपोर्टांसाठी नववा. दहावाही वाढवणार होते, पण ह्यांनी हात जोडले.

"अगं, एका शहरात नऊ दिवस करायचं काय?" हे म्हणाले.

हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी दिवस मोजले होते ते अक्कांचे. माझ्या नऊ दिवसांत काय, ते कोरंच होतं. मग मी वाचायला लागले, मोबाईलवर बघायला लागले, आणि खरं सांगते, हळूहळू मला चटकच लागली. एका दिवसाला एकच गोष्ट, असं ठरवून टाकलं. पहिल्या दिवशी काहीही नाही. पोहोचायचं, झोपायचं, खाली उतरून कुठं भात मिळतो ते बघून यायचं. दुसऱ्या दिवशी निर्वाणमुद्रेतला तो मोठा बुद्ध, वीस मिनिटं नव्हे, जितका वेळ मन म्हणेल तितका वेळ. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत म्हणतात. मला काय, मी साडीतच जाणार. मग होडीनं पलीकडच्या काठावरचं देऊळ लांबून बघायचं आणि दुपारी परत खोलीवर येऊन झोपायचं. तिसऱ्या दिवशी बाग. मध्यवस्तीत मोठी बाग आहे, आपल्या लुंबिनीचंच नाव दिलंय तिला. तळ्याकाठी पुरुषभर लांबीच्या घोरपडी मोकळ्या फिरतात. सकाळी सातला जाऊन बाकावर बसायचं ते ऊन वर येईपर्यंत.

"घोरपडी बघायला बँकॉकला?" हे म्हणाले. "त्या काय आपल्याकडं उसात दिसत नाहीत?"

"तिथं मी बसून बघणार आहे," मी म्हटलं. "उसात मला कुणी बाक टाकलंय?"

नदीचा एक अख्खा दिवस धरला. सरकारी होडी शहरभर वरखाली फिरते, कुठंही उतरायचं नाही, टोकाला जायचं आणि परत यायचं. शनिवारचा मोठा बाजार धरला, पण दोनच तास, आणि पाय दुखले की तिथंच बसून नारळपाणी. सहाव्या दिवशी लाल पेनानं 'काही नाही' लिहिलं. आठव्यालाही लिहिलं. हॉटेल असं निवडलं की दारातच उड्डाणपुलावरच्या रेल्वेचं स्टेशन आणि पाच मिनिटांवर नदी, म्हणजे कुठंही घाईनं पळावं लागणार नाही.

पण हे सगळं उजव्या पानावर. डाव्या पानावर अक्का. उजवीकडं माझा सकाळी सातचा रकाना: उठायचं नाही. डावीकडं अक्कांचा: आत्यांना मोरीत नेणं, दोन्ही हात धरून, वाटेत तीनदा थांबून. उजवीकडं: बागेत बसणे. डावीकडं: भाकरी दुधात कुस्करणे, गार झाली म्हणाल्या तर पुन्हा दूध तापवणे. उजवीकडं काही नाही, काही नाही. डावीकडं पान भरून खालच्या ओळीत मावेना. वाचताना मला इतकं बरं वाटायचं! एरवी ऑफिसात दुपारी डोळे मिटतात, पण त्या दिवसांत मी फाइलखाली वही उघडून टवटवीत बसलेली असायची.

तारखाही मी अशाच काढल्या. अक्कांच्या भिशीतल्या बायकांची जानेवारीत गोव्याची सहल होती, चार महिने आधी ठरलेली, एकसारख्या टोप्यासुद्धा शिवून झालेल्या. मी विमानाची तिकिटं काढली ती बरोबर त्याच आठवड्याची. काढून झाल्यावर कुणालाही न सांगता नवी पेठेत गेले, एक आकाशी रंगाची चाकाची बॅग आणि चालायला मऊ चपला घेतल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, कुठं बाहेर?" मी म्हटलं, "हो. निवांत."

आमचे हे एकदा म्हणाले, "बुद्धापुढं जाऊन बसणार, आणि मनात हे घेऊन?"

"त्याला सगळं सांगणारच आहे मी," मी म्हटलं. "नऊ दिवस आहेत माझ्याकडं. सवडीनं सांगेन."

मग सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलं. मटण, कडक भाकरी, शेंगाची चटणी. भाऊजी-अक्का आले, नणंद आणि तिचे मिस्टर आले. आत्यांना मी आधीच जेवू घातलं आणि आतल्या खोलीत पलंगावर टेकवलं. दार लोटून घेतलं. मग पंगत बसली, आणि भाऊजींच्या ताटात दुसऱ्यांदा रस्सा वाढताना मी सांगितलं की आम्ही जानेवारीत बँकॉकला चाललोय, नऊ दिवस, आणि तेवढे दिवस आत्या तुमच्याकडं.

भाऊजी चांगले माणूस आहेत. त्यांचा दोष एवढाच की त्यांना काही दिसत नाही. ते लगेच म्हणाले, "जावा की! आईला आमी नेतो. हिनं चार वर्सं केलंय, आमी नऊ दिवस करू न्हाय का?" अक्कांचा घास हातातच राहिला. "जानेवारीत?" त्या म्हणाल्या. "कितवी तारीख?" मी तारीख सांगितली. काय चेहरा झाला म्हणून सांगू! त्या चेहऱ्यासाठी मी चार वर्षं भांडी घासली होती. भाऊजींपुढं नाही म्हणायची सोय नव्हती. गोव्याचं नाव त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं.

तिथंच थांबले असते तर? पण थांबेन ती मी कसली.

आमच्या ऑफिसात कुणी लांबच्या रजेवर निघालं की चार्ज द्यावा लागतो. यादी करायची: अनुक्रमांक, बाब, शेरा. खाली डाव्या हाताला 'कार्यभार दिला', उजव्या हाताला 'कार्यभार घेतला', दोघांच्या सह्या. एकही बाब सुटता कामा नये, नाहीतर मागून बोंब होते. वीस वर्षं मी हेच करत आलेय, आणि माझी यादी ऑफिसात नमुना म्हणून दाखवतात. डाव्या पानांवरून मी आत्यांची चार्ज यादी तयार केली होती. एकतीस बाबी. वहीतच शेवटच्या दोन पानांवर, पट्टीनं रेघा मारून.

जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी कोपऱ्यावर पान खायला गेली. मी, अक्का आणि नणंद तिघीच राहिलो. मी वही काढली आणि खुर्चीत बसून, ऑफिसात वाचतात तशी, मोठ्यानं वाचायला लागले.

"एक. सकाळी उठवताना आधी उजवा पाय खाली, मग डावा. उलट केल्यास ओरडतात. दोन. कवळी रात्रभर वाटीत, वाटी रोज घासणे. तीन. मीठ कमी लागल्यास ताट सरकवतात, परत वाढणे."

अक्का म्हणाल्या, "असू दे गं, मी बघीन की माझं मी."

"असं कसं अक्का? चार्ज आहे. सात. जेवताना तोंडातलं बाहेर येतं, पदराला रुमाल लावणे. अकरा. एकच गोष्ट सात वेळा सांगतात, सातही वेळा हुंकार देणे."

मला चढत गेलं. अक्का जसजशा खुर्चीत मागं सरकायला लागल्या, तसतसा माझा आवाज वाढत गेला. आत्या आत होत्या, मला माहीत होतं. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. पण त्यांना ऐकू कमी येतं, आणि जेवल्यावर त्यांना झोप लागते, असं मी धरून चालले. धरून चालले म्हणजे काय, त्या क्षणी मला त्यांची आठवणच नव्हती. माझ्यापुढं फक्त अक्का होत्या.

"चौदा. अंथरुणात लघवी होते, आठवड्यातून तीन-चारदा. खाली प्लास्टिक घालणे, चादर लगेच धुणे. शेरा: कबूल करत नाहीत, तांब्या कलंडला, पाणी सांडलं म्हणतात. वाद घालू नये."

"अगं बाई," नणंद म्हणाली. अक्कांनी पदर तोंडाला लावला. अस्सा आनंद झाला मला! घे गॉगल आता, मी मनात म्हटलं. घे वास.

एकतिसावी बाब वाचून झाल्यावर मी वही पुढं केली आणि पेन दिलं. 'कार्यभार घेतला' खाली अक्कांनी सही केली. नाही म्हणायचं त्यांना सुचलंच नाही. पण मी अक्कांना ओळखून आहे. उद्या म्हणतील, मला कुठं काय सांगितलं होतं? पोच नसेल तर कागद गेला असं आमच्याकडं धरत नाहीत. म्हणून मी तिथल्या तिथं दोन्ही पानांचे फोटो काढले आणि आमच्या घरच्या ग्रुपवर टाकले. एकेचाळीस माणसं आहेत त्यात, मंद्रूपची बहीणसुद्धा. वर लिहिलं, 'जानेवारीत आत्या अक्कांकडे. सर्वांच्या माहितीस्तव.' आणि फोन फ्रिजवर ठेवून भांडी घासायला घेतली. पुरुष पान खाऊन आले, घरात न येता बाहेरूनच हाका मारल्या, आणि पाहुणे सगळे गेले. मी गुणगुणत भांडी घासली.

पाच वाजता चहा घेऊन आत गेले. आत्या झोपलेल्या नव्हत्या. पलंगावरच्या पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, चष्मा लावून, हातात पेपर नसताना.

"ती वही बघू," त्या म्हणाल्या.

"कसली वही, आत्या?"

"मला वाचाय येतंय की. आण."

मी आणली. न आणून काय करणार होते? त्यांनी शेवटची दोन पानं काढली आणि प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागल्या, ओठ हलवत, पेपर वाचतात तशाच. मी चहाचा कप धरून उभी. रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मिठाच्या बाबीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "व्हय, सरकवते." रुमालापाशी पदराचं टोक झटकलं. सात वेळा सांगतात, इथं थोडं हसल्याही. मग बोट आणखी खाली गेलं आणि थांबलं.

"हे एवढं खोड," त्या म्हणाल्या.

वाकून बघायची गरज नव्हती.

"पाणीच सांडतंय त्ये. हात कापतो माजा. तांब्या कलंडतो."

चार वर्षं मी त्या चादरी धुतल्या. चार वर्षं रोज सकाळी त्या म्हणायच्या, पाणी सांडलं गं, आणि मी म्हणायची, सांडू द्या, आत्या. तेवढं एक मी त्यांचं राखलं होतं. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी बदललेल्या बाईला आपली चादर कशानं भिजते हे कळत नव्हतं थोडंच! मला कळतंय हेही त्यांना कळत असणार. पण तोंडानं कुणी म्हटलं नव्हतं.

"हो आत्या," मी म्हटलं. "पाणीच सांडतं."

"मग खोड की. बाकीचं र्‍हाऊ दे, त्ये खरं हाय." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "थोरला पान खायाला गेलता म्हनून बरं. त्यानं न्हाय ऐकलं. थोरली काय सांगायची न्हाय त्याला, बायका असलं सांगत न्हाईत. पर वही त्याच्या हातात गेली तर? त्याला यातलं काय ठावं न्हाय."

मी पेन घेतलं आणि चौदावी बाब खोडली. एक रेघ मारली तर अक्षरं दिसत होती. म्हणून गिरगटून गिरगटून, कागद फाटायला येईपर्यंत खोडली. शेरासुद्धा. त्यांनी वही हातात घेऊन खिडकीच्या उजेडाकडं धरली, मागून पुढून बघितली.

"न्हाय दिसत आता," त्या म्हणाल्या, आणि कप घेतला.

मी बाहेर आले. फ्रिजवर फोन थरथरत होता. ग्रुपवर सतरा मेसेज आले होते. सगळ्यात वर भाऊजींचा: 'चौदा नंबरचं कधीपासून आहे? मला कुणीच कसं सांगितलं नाही? आईला फोन द्या, मी बोलतो.' आणि त्याच वेळी हातातला फोन वाजायला लागला. भाऊजींचाच.

"कुणाचा हाय गं?" आतून आत्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ऑफिसचा आहे, आत्या."

"ऐतवारीबी तुला सुखानं बसू देत न्हाईत व्हय," आत्या म्हणाल्या.